शनिवारची खुर्ची

परवा फोनवर तू सांगितलंस की तुमच्या शाळेत मुलींसाठी नेतृत्वाचं शिबिर आहे, त्यात दोरीवरून चढायचं असतं आणि शेवटी प्रमाणपत्र मिळतं. मग तू विचारलंस, "आजी, तुमच्याकडे असं काही असतं का?" तुझ्या भावाने मागून ओरडून सांगितलं की आजीच्या गावात दोरीच नसेल. दोरी आहे. शिबिर नव्हतं. पण एक बाई होत्या. त्यांच्याबद्दल फोनवर सांगणं मला जमत नाही, कारण मला गोष्ट क्रमाने सांगायची सवय आहे आणि ह्या बाई कुठल्याच क्रमात बसत नाहीत. म्हणून लिहिते आहे. अडलं तर आईला विचारा.

त्यांचं नाव सांगत नाही. कोल्हापुरातल्या एका मुलींच्या हायस्कुलाच्या त्या मुख्याध्यापिका होत्या, आणि आपल्याकडे मुख्याध्यापिकेला 'मोठ्या बाई' म्हणतात. तेच नाव पुरेसं आहे. घरचं फारसं काही कळलं नाही. गडहिंग्लजकडच्या एका शेतकरी जैन घरातल्या, लग्न केलेलं नाही, एवढंच मला माहीत. गडहिंग्लज कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे, त्यामुळे त्यांच्या मराठीत मधूनच कानडी शब्द यायचे. सुती साडी, पायात मुलांचे असतात तसे पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि आवाज असा की मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कबड्डी थांबायची.

मी लग्न होऊन ह्या गावात आले आणि कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर आठवडाभरातच ह्या बाई आगाऊ न कळवता घरी आल्या. बूट काढले, झोपाळ्यावर न बसता जमिनीवर बसल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, शनिवारी या. नववीच्या मुलींना तुमचं इंग्लिश पाहिजे."

मी व्याकरणापासून सुरू करू की वाचनापासून, असं विचारलं.

"त्यातलं काहीच नको. इंग्लिशमधे भांडायला शिकवा."

"भांडायला?"

"व्हय. रागावून नव्हे. समोरचा इंग्लिश बोलायला लागला की आमच्या पोरी मान हलवत्यात. मान हलली की काम गेलं. बसच्या सीटवरनं सुरू करा. मग पगारावर या."

मी शिस्तीची बाई. वेळापत्रकाशिवाय मी पाणीसुद्धा पीत नाही, असं तुमचे आजोबा म्हणायचे. तरी मी हो म्हणाले, ते केवळ कुतूहलापोटी. ह्या बाईंना नेमकं काय करायचं आहे, ते मला बघायचं होतं.

पहिल्याच शनिवारी एक गोष्ट कानावर आली. त्या सगळ्या मुलींना 'अक्का' म्हणत. अक्का म्हणजे कानडीत थोरली बहीण. पंचावन्न वर्षांच्या मुख्याध्यापिका चौदा वर्षांच्या मुलीला म्हणत होत्या, "अक्का, फळा पुसून घ्या की." मी विचारलं, हे का? त्या म्हणाल्या, "मी आमच्या अक्काचं तेवढं ऐकायचो. दुसऱ्या कुणाचं न्हाय." इथल्या बायका स्वतःबद्दल 'आलो', 'गेलो' असंच बोलतात, त्याचं आश्चर्य वाटून घेऊ नका.

त्यांच्या खोलीत कुठल्याही शाळेत असतात तशी डॉक्टर, पायलट, पोलीस अधिकारी यांची रंगीत चित्रं नव्हती. 'मी अमुक होणार' हे वाक्य त्यांच्यासमोर म्हणायचं नाही, असा नियम होता. एका मुलीने 'मी डॉक्टर होणार' म्हटलं, तर तिला त्यांनी सरकारी दवाखान्यात सकाळभर बाकावर बसून यायला सांगितलं आणि परत आल्यावर एकच प्रश्न विचारला, "वास कसला होता?" मुलीने सांगितलं. "परत जाशील?" मुलगी विचार करून म्हणाली, जाईन. "मग बघू," बाई म्हणाल्या. आशीर्वाद वगैरे काही नाही.

आणि त्या मुलींना घेऊन गावभर हिंडायच्या. दूध संघ, छापखाना, कोर्ट, बसचा डेपो, शाहूपुरीतली मोठी दुकानं. सहलीला जातात तसं नाही. प्रत्येक ठिकाणी मुलींनी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधून आणायचं: इथं शेवटचा शब्द कुणाचा? पहिल्यांदा सगळीकडून उत्तर यायचं, साहेबांचा. मग बाई परत पाठवायच्या. "साहेब कुठं बसतात? साहेब बघतात का ते? मग साहेबांना कोण सांगतं?" असं करत करत मुली डेपोतल्या खिडकीपाशी पोचल्या, जिथे वाहतूक नियंत्रक बसतो. बस सुटणार की नाही, हे तो ठरवतो. साहेब त्यावर नंतर सही करतात. तिथल्या नियंत्रक एक बाई होत्या. असं काम असतं, आणि ते बाई करते, ह्या दोन्ही गोष्टी मुलींना नवीन होत्या. मला पण होत्या, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

बाईंचा डबा नसायचा. मधल्या सुट्टीत त्या रोज वेगळ्या मुलीच्या डब्यातला एक घास घ्यायच्या. मी ह्याला आधी विक्षिप्तपणा समजले. मग एकदा भाकरीचा तुकडा तोंडात टाकून त्या एका मुलीला म्हणाल्या, "अक्का, आई आजारी हाय का? ही भाकरी तुम्ही थापलीय." मुलीने मान खाली घातली. त्या घासावरून त्यांना कुणाच्या घरी काय चाललंय ते कळायचं. कुठल्याही पालकसभेत मला एवढं कळलं नसतं.

आता मुख्य गोष्टीवर येते. शनिवारची खुर्ची.

दर शनिवारी नववीची एक मुलगी मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसायची. प्रार्थनेपासून शाळा सुटेपर्यंत. हे नाटक नव्हतं. फोन ती घ्यायची, भांडणं ती सोडवायची, पालक आले तर तीच बोलायची. शिपाईमामांना त्या दिवशी ग्रंथालयात बसवलेलं असायचं आणि दाराबाहेरच्या त्यांच्या स्टुलावर मोठ्या बाई बसायच्या. बेल द्यायच्या, चहा आणायच्या, निरोप पोचवायच्या. कुणाला इजा झाली तरच त्या मुख्याध्यापिका होणार, एरवी शिपाई. खुर्चीतल्या मुलीने "बाई, काय करू?" असं विचारलं की ठरलेलं उत्तर असायचं, "पाणी आणू का, अक्का?"

पुढच्या शनिवारी पहिल्या तासाला त्या मुलीने मैदानाच्या पायरीवर उभं राहून सगळ्या नववीला आपली चूक सांगायची. त्याला 'चुकीचा तास' म्हणत. चूक झालीच नाही, असं म्हणायची सोय नव्हती. 'सॉरी' म्हणायला बंदी होती. काय झालं, का झालं, आणि पुन्हा आलं तर काय करणार, एवढंच. कुणी हसायचं नाही. "सॉरी म्हटलं की समोरचा गप होतो आणि आपण पण गप होतो," बाई म्हणायच्या. "मग चूक तिथंच ऱ्हाती."

मला हे सगळं धोक्याचं वाटायचं. मी तसं त्यांना म्हटलंही होतं. त्या म्हणाल्या होत्या, "हाय की धोक्याचं."

जुलैमधला एक शनिवार. त्या दिवशी खुर्चीत प्रज्ञा नावाची मुलगी होती. गडमुडशिंगीची. तिचे वडील जवळच्या औद्योगिक वसाहतीत लेथ मशीन चालवायचे. सडपातळ, केस चापून बसवलेले, बोलताना प्रत्येक वाक्य आधी मनात म्हणून बघणारी. माझ्या भांडणाच्या तासाला ती सगळ्यात उशिरा भांडायची आणि सगळ्यात नीट.

शाळा सुटल्यावर दुपारी एक कार्यक्रम होता. संस्थेच्या अध्यक्षांनी पुण्याहून एक नामवंत पाहुण्या बोलावल्या होत्या. विषय होता, 'उद्याच्या नेतृत्वाची तयारी.' सगळ्या मुलींनी थांबायचं होतं. आभार मी मानणार होते, म्हणून मी सकाळपासून ऑफिसात बसले होते. अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. शाहूपुरीत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं त्यांचं मोठं दुकान. माणूस वाईट नव्हता. शाळेच्या छतासाठी, बाकांसाठी स्वतः धावपळ करायचे. फक्त पाहुण्यांसमोर हसं होऊ नये, एवढीच त्यांची काळजी असायची.

आठवडाभर धरणांकडे पाऊस होता. कोल्हापुरात पावसाळ्यात लोक एकमेकांना 'कसे आहात' असं विचारत नाहीत, 'पाणी किती फुटांवर?' असं विचारतात. पंचगंगा पात्राबाहेर आली होती. नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीकडून शाळेत पुष्कळ मुली यायच्या. मधल्या सुट्टीत त्यांतल्या एकीने येऊन सांगितलं की रस्त्याकडेला पाणी लागलंय, असं काका म्हणतात.

प्रज्ञाने दाराकडे बघितलं. "बाई?"

"पाणी आणू का, अक्का?" स्टुलावरून उत्तर आलं. मला त्या क्षणी बाईंचा राग आला.

प्रज्ञाने त्या काकांना फोन लावला. पाणी कुठपर्यंत आहे, चढतंय की उतरतंय, सगळं विचारलं. "चढतंय," काका म्हणाले. फोन ठेवून ती जरा वेळ टेबलाकडे बघत राहिली. मग उठली आणि दारापाशी जाऊन म्हणाली, "नदीकाठच्या गावांच्या मुलींना सोडायचंय. बेल द्या."

मोठ्या बाई उठल्या आणि बेल दिली. निम्मं हायस्कूल दप्तरं उचलून गेलं.

दुपारी पाहुण्या आल्या तेव्हा सभागृहातल्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. आम्ही शिक्षिकांनी पुढच्या रांगा भरल्या. पाहुण्या चांगलं बोलल्या, निर्णय घेण्याचं धैर्य वगैरे. बोलत असतानाच खिडकीतून ऊन आलं. संध्याकाळपर्यंत पाणी ओसरायलाही लागलं. पण तोवर वाट कोण बघतो. पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि अण्णा ऑफिसात आले. प्रज्ञा खुर्चीतून उठून उभी राहिली होती.

"ही सुट्टी कुणी दिली?"

सगळ्यांनी दाराकडे बघितलं. मोठ्या बाई आता 'मी दिली' म्हणणार, हे मी धरूनच चालले होते. दुसऱ्या कुठल्याही शाळेत हेच झालं असतं.

बाई स्टुलावरून म्हणाल्या, "आज खुर्चीत प्रज्ञाअक्का हायत. त्यांना विचारा."

"मी तुम्हाला विचारतोय, बाई."

"मी आज शिपाई हाय, अण्णा. चहा सांगू का?"

अण्णांचा चेहरा लाल झाला. ते प्रज्ञाकडे वळले. "तू दिलीस?"

"व्हय."

"कुणाला विचारून?"

"कुणाला विचारायचं होतं?" ती म्हणाली. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं, हे मला दिसत होतं. अण्णांना तो उद्धटपणा वाटला.

"पुण्याच्या पाहुण्यांसमोर रिकाम्या खुर्च्या दाखवल्यास तू. पाणी आलं का? कुठाय पाणी? दाखव मला." ते पुष्कळ बोलले. शेवटी दारातून वळून म्हणाले, "आजपासून ह्या खुर्चीत एकही मुलगी बसायची नाही."

प्रज्ञा रडली नाही. तिने टेबलावरचा पेन जागच्या जागी ठेवला, दप्तर उचललं आणि गेली.

सोमवारी मी मुद्दाम शाळेत गेले, बाईंशी भांडायला. तर त्या स्टुलावर बसलेल्या. सोमवार असून. शिपाईमामा शेजारी अवघडून उभे. आत खुर्ची रिकामी, आणि तिच्यावर फळा पुसायचं डस्टर ठेवलेलं, कुणी चुकून बसू नये म्हणून.

"हे काय?"

"अण्णांचा हुकूम हाय. मुलगी बसायची न्हाय." त्यांनी चष्मा पुसला. "मी पण आमच्या आईची मुलगीच की."

त्या आठवड्यात मोठ्या बाईंनी सगळी शाळा स्टुलावरून चालवली. सह्या मांडीवर फळी घेऊन केल्या. शिक्षण खात्याचे एक साहेब आले, त्यांनी बाईंनाच विचारलं, "मावशी, मुख्याध्यापिका कुठायत?" "इथंच हायत," बाई म्हणाल्या आणि त्यांच्यासाठी सरकून जागा केली. साहेब बिचारे उभ्यानेच बोलून गेले. संध्याकाळपर्यंत ही बातमी अण्णांच्या दुकानात पोचली असणार, कारण त्यांचा फोन आला. बाईंनी त्यांनाही तेच सांगितलं. "मी पण मुलगीच की."

पण मला हसू येत नव्हतं. त्या सोमवारीच मी त्यांना विचारलं, "तुम्ही 'मी दिली सुट्टी' एवढं म्हणाला असता, तर काय बिघडलं असतं?"

"मग ती सुट्टी माझी झाली असती."

"म्हणजे?"

"बरोबर असू दे, चूक असू दे, त्या पोरीनं स्वतःच्या डोक्यानं केलेली ती पहिली गोष्ट. ती पण मी काढून घेऊ का, मॅडम?"

"आणि ती पुन्हा कधी तोंड उघडणारच नाही, असं झालं तर?"

त्यांनी मांडीवरची फळी खाली ठेवली. मग त्यांच्या मानाने फार हळू आवाजात म्हणाल्या, "आज तिचा डबा बघितला. उघडलाच न्हाय तिनं. ती रडती का चिडलीय, मला कळंना झालंय. घास मिळाला तर कळंल की."

पहिल्यांदाच मला दिसलं की ह्या बाईंना त्यांच्या पद्धतीची खात्री नाही. त्या ती वापरून बघतात, आणि घाबरतात.

मंगळवारी प्रज्ञाची आई आली. हातात पिशवी, कामावर जायच्या वाटेवर. स्टुलावर बसलेल्या मुख्याध्यापिकेसमोर ती उभी राहिली, आणि तिने आवाज चढवला नाही, त्यामुळे तो जास्त लागला.

"तुमी माज्या पोरीला खुर्चीत बसिवलंसा. मी गावभर सांगितलं. आन् बोलणी खायला बी तिलाच म्होरं केलंसा. जेवना झालीया ती. रातच्याला इचारलं तर म्हणती, आई, माझं कुटं चुकलं त्ये सापडंना. आता मी काय सांगू तिला? मी काय खुर्चीत बसलोय कवा?"

"तिला शनिवारी पाठवा," बाई म्हणाल्या.

"आता आनि कशाला?"

"तिचा चुकीचा तास हाय."

"एवढं बोलून घेतलं ते कमी पडलं व्हय?"

बाई उभ्या राहिल्या. "ते अण्णांचं बोलणं होतं. तिचं राहिलंय अजून. खुर्ची बंद केलीय त्यांनी, तास न्हाय केला."

आई पिशवी सावरून कामावर गेली. ती मुलीला दुसऱ्या शाळेत घालणार, असं मी तुमच्या आजोबांना घरी येऊन सांगितलं. बुधवारी डबा बंद, गुरुवारी बंद. शुक्रवारी प्रज्ञा आलीच नाही.

शनिवारी नववीच्या मुली मैदानाच्या पायऱ्यांसमोर बसल्या. मी कडेला उभी होते. प्रज्ञाचा पत्ता नव्हता. तेवढ्यात फाटकातून अण्णा आले. आज ते स्वतः बाईंना खुर्चीत बसवून जाणार होते, तसं त्यांनी आल्या आल्या मला सांगितलं. "गावात हसतात मॅडम. शाळेची मुख्याध्यापिका स्टुलावर." बाईंनी त्यांना हाताने थांबवलं, म्हणाल्या, "तास संपू दे," आणि ते मागच्या झाडाखाली उभे राहिले.

मुली चुळबुळ करू लागल्या. बाई फाटकाकडे बघत होत्या. मी बाईंकडे. मग एक रिक्षा थांबली आणि प्रज्ञा आणि तिची आई उतरल्या. आई फाटकापाशीच थांबली. प्रज्ञा धावत आली, पायरीवर चढली, श्वास सावरला. नेहमीप्रमाणे वाक्य आधी मनात म्हणून बघितलं. मागे झाडाखाली कोण आहे, हे तिने पाहिलं नव्हतं.

"काय झालं ते सगळ्यांना माहिताय," ती म्हणाली. "मी नदीकाठच्या मुलींना सोडलं. पाणी आलं न्हाय. पण चूक ती न्हाय. पाणी येईल का न्हाय ते मला कळणार नव्हतंच. सोमवारी आंबेवाडीच्या मुलींनी सांगितलं, त्या दुपारपर्यंत स्टॉपवर भिजत उभ्या होत्या. बसच आली न्हाय. मग दुधाच्या टेंपोतनं गेल्या. ते का झालं, ते मला आठवडाभर कळत नव्हतं. म्हणून आत्ता डेपोत जाऊन आलो. त्या खिडकीतल्या मॅडमना विचारलं. रस्त्यावर पाणी यायच्या आधीच तिकडची बस बंद करत्यात. मी पाण्याचं विचारलं, बसचं विचारलं न्हाय. शाळेत त्या सुरक्षित होत्या. मी त्यांना स्टॉपवर नेऊन उभं केलं. ही माझी चूक."

कुणी हसलं नाही. आंबेवाडीची एक मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, "आमी काय रागावलो न्हाय. टेंपोवाल्यानं ताक दिलं." मग थोड्या हसल्या.

"पुन्हा झालं तर?" बाईंनी विचारलं.

"पुन्हा सोडणार. पण आधी डेपोला फोन. बस असली तर सोडणार, नसली तर शाळेत ठेवणार आणि घरी कळवणार."

"आणि पाहुणे आले असले तर?" हा आवाज झाडाखालून आला. अण्णांचा.

प्रज्ञाने तिकडे बघितलं. मला वाटलं, गेली आता. तिचे ओठ हलले, वाक्य आतल्या आत म्हणून झालं.

"त्यांना पण लवकर सोडणार, अण्णा," ती म्हणाली. "त्यांची गाडी पण शिरोलीवरनंच जाती की. तिथं पाणी आलं की पुण्याचा रस्ता बंद."

आता सगळ्या हसल्या. फाटकापाशी तिची आई पदर तोंडाला लावून हसली. अण्णा हसले नाहीत. पण त्यांनी मान हलवली, एखाद्या गिऱ्हाईकाने दुकानातला सुटा भाग बरोबर ओळखला की हलवत असतील तशी. ते ऑफिसात गेले, खुर्चीवरचं डस्टर उचललं, झटकलं, आणि बाईंना म्हणाले, "बसा आता."

बाई दारात उभ्या होत्या. "आज शनिवार हाय, अण्णा."

अण्णांनी डस्टर टेबलावर ठेवलं. मग बाहेर घोळक्याने उभ्या असलेल्या नववीकडे बघून म्हणाले, "कुणाची पाळी आहे?"

मधल्या सुट्टीत मोठ्या बाईंनी प्रज्ञाच्या डब्यातला घास घेतला. मी विचारलं, काय कळलं? "मीठ जास्त झालंय," त्या म्हणाल्या, आणि आणखी एक घास घेतला. त्यांचा नियम एकाच घासाचा होता.

बाईंबद्दल मला न कळलेलं अजून पुष्कळ आहे. ते कॅनव्हासचे बूट का, ते मी कधी विचारू शकले नाही. आपल्या अक्काचं त्या एवढं ऐकायच्या, त्या अक्का कोण, कुठे असतात, तेही नाही. एकदा मी विषय काढला तर त्या म्हणाल्या, "होत्या," आणि बेल द्यायला उठल्या.

प्रज्ञा आता बंगळुरात नोकरी करते. काय करते ते लिहीत नाही, कारण 'अमुक झाली' असं लिहिलेलं बाईंना चालणार नाही. जुलै लागला की तिचा मला फोन येतो. मी कशी आहे, हे ती शेवटी विचारते. आधी विचारते, पाणी किती फुटांवर?

बाई निवृत्त झाल्या त्या दिवशी मी होते. निरोप समारंभ, शाल, नारळ हे सगळं शुक्रवारी उरकून घ्यायला लावलं त्यांनी, आणि शेवटचा दिवस म्हणून शनिवारी शाळेत आल्या. दिवसभर स्टुलावर बसल्या, बेल दिली, चहा आणला. खुर्चीत नववीची एक गोल चेहऱ्याची, नवीन आलेली मुलगी होती. प्रज्ञाला तिने कधी पाहिलेलंही नव्हतं.

शाळा सुटल्यावर बाईंनी आपली पिशवी उचलली आणि शिपाईमामा रजेला जाताना उभे राहतात तशा टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"अक्का, जाऊ का मी?"

मुलीने मान वर केली. तिला काहीतरी मोठं बोलायला हवं, असं आम्हा सगळ्यांना वाटत होतं. दारात शिक्षिका डोळे पुसत उभ्या होत्या.

"कुठं जाणार?" मुलीने विचारलं.

"गडहिंग्लजला."

"बस विचारली का?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग मुलीकडे. "न्हाय विचारली," त्या म्हणाल्या.

मुलीने फोन पुढे ओढला आणि डेपोचा नंबर लावला. पलीकडून कुणीतरी काहीतरी सांगत होतं, ती "हां, हां" म्हणत ऐकत होती. बाई पिशवी धरून उभ्या होत्या. मग मुलीने फोन ठेवला.

"आहे. वेळेवर आहे," ती म्हणाली. "जावा आता."